उजवीकडची वळणं

५ जानेवारी २०२५, रविवार
संकल्प: आपल्या जुन्या हॅचबॅकने ट्रॅकवर दीड मिनिटाच्या आत एक लॅप. पुण्याकडे एक ट्रॅक आहे, महिन्यातून एक रविवार कोणीही आपली गाडी पळवावी. वय अठ्ठावन्न, पण रिफ्लेक्स तिशीतले. जीपीएस लॉगर मागवलाय. वेग, ब्रेक, वळणं, सगळं नोंदवतो. जुलियाना म्हणाली, आधी रविवारी चर्चमध्ये मिस्साला वेळेवर पोचून दाखवा. बायकोला डेटा कळत नाही.

१९ जानेवारी
पहिला ट्रॅक डे. एक मिनिट अडतीस. टायर थंड होते.

२१ जानेवारी
माणिकपूरला रामनाथच्या गॅरेजात टायर, ब्रेक पॅड बदलले. म्हणाला, साहेब, जुन्यांनाही काय झालं नव्हतं. मेकॅनिक आहे, इंजिनिअर नाही.

१६ फेब्रुवारी
एक एक्केचाळीस. नवे टायर भिकार.

१८ फेब्रुवारी
एलिसाने लॉगरचा ग्राफ लॅपटॉपवर उघडला. पोरगी अंधेरीला डेटाचंच काम करते. डाव्या वळणांवर मी उत्तम. उजव्या प्रत्येक वळणावर तीस मीटर आधीच ब्रेक. दर लॅपला.
"पप्पा, गाडी ठीक आहे. तुम्हाला उजवीकडचं नीट दिसतं ना?"
हसलो. लॉगर तिरका बसलाय. उद्या सरळ करणार.

२ मार्च, रविवार
मिस्साहून गाडीने येताना गल्लीच्या तोंडाशी शेजारची ब्रिटनी स्कूटरवरून अचानक उजवीकडून आली. धक्का लागला, पडली. कोपर सोललं, बाकी देवाची कृपा. रडत म्हणाली, "अंकल, मी हॉर्न देत होते. तुम्ही माझ्याकडेच बघत होता."
हल्लीच्या मुली जोरात चालवतात.
दुपारी जेवण गेलं नाही. पित्त असावं.

५ मार्च
जुलियाना आणि एलिसा डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मशीनमध्ये ठिपका दिसला की बटण दाबायचं. भराभर दाबलं. पैकीच्या पैकी असणार.
काचबिंदू. उजव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेलीय. विचारलं, दुसऱ्या मशीनवर करून बघायचं का? डॉक्टर बाई हळू बोलत होत्या. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळू. गाडी आजपासून बंद.
रिक्षात जुलियानाने हात धरला.

७ मार्च
ब्रिटनीच्या घरी गेलो. चूक माझी होती, म्हणालो. तिच्या आईने चहा दिला.

१६ मार्च, रविवार
ट्रॅकची फी भरलेली होती. एलिसाने चालवली. ट्रॅकवर आयुष्यात पहिल्यांदा. तीच गाडी, तेच टायर. एक एकोणतीस.
मी फिनिशच्या रेषेकडे डोळे लावून कठड्याशी उभा होतो. ती उजवीकडून येत होती. आधी आवाज आला, मग लोकांच्या टाळ्या. गाडी दिसली तोवर ती पुढे निघून गेली होती.
हेल्मेट काढून धावत आली. विचारलं, "पप्पा, पाहिलंत?"
म्हटलं, "पाहिलं."