कुंडीतला तुकडा

३ जानेवारी २०११, नांदेड
आईचा फोन — उचलला न्हाई. लातूरचा क्लास सोडून पळालो, डॉक्टर व्हायचं राहिलं, तेच ऐकायचं ना!
इथं कॉलेजात वर्षाराणीताई संशोधन करती, तिच्या प्रयोगशाळेत मेसचं जळकं तेल आणून देतो. ताई ते जीवाणूंना पाजते. तेल भरपूर द्यायचं, बाकीचं खाणं तोडायचं — मग ते पोटात प्लास्टिक साठवतात. खरंच! ते काढून ताईनं पातळ कागद केला. दोन वर्षांच्या कामाचा एकच तुकडा, तळहाताएवढा.
"मातीत विरघळला तरच खरा," म्हणाली. उद्या वेळ अमावस्या, शेतात पूजा-जेवणाचा सण, म्हणून ती गावाकडं गेली. जाताना — "आजच कुंडीत पुर. विसरू नको रे बाबा."

५ जानेवारी
पुरला न्हाई. खिशात घालून देगलूरला गेलो. का? स्टँडवर देगलूरची गाडी लागलेली दिसली. बस, एवढंच!
दोस्त चांदपाशाच्या हॉटेलात मोरीपाशी उभा राहून त्याला तुकडा दाखवला. "इतकंच? याचा पतंग बी व्हायचा न्हाई यार!" लई हसलो.
नांदेडला उतरलो तर खिसा रिकामा. एसटीत पडला असंल. उद्या ताई येणार.

६ जानेवारी
दुधाची पिशवी कापली. छापाचा भाग सोडून, तळहाताएवढी. कुंडीत पुरली.
ताईनं माझ्यासाठी डबाभर भज्जी आणली, वेळ अमावस्येची, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली. मी ती मेसमधी वाटून टाकली.

२० फेब्रुवारी
ताईनं माती उकरली. तुकडा जसाच्या तसा! झटकला तर चमकला बी.
"माझंच कुठंतरी चुकलं," म्हणाली. तुकडा परत पुरला. जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी नेला.
सांगायला तोंड उघडलं. निघालं काय — "चहा आणू का ताई?"

२ मार्च
ताई त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचलेली. त्या वक्ताला शेजारच्या एकानं मदतीसाठी जित्या बापाला मेला म्हणून लिहून दिलं. तिच्या आईनं त्या घरचं पाणी सोडलं ते आजवर. ताई आज सांगून राहिली होती — "भूक सोसली आम्ही, पण खोटं न्हाई बोललो."
मी मान खाली घालून तेल गाळत होतो.

९ मार्च
उद्या ताईचे गाईड सर कुंडी बघणार. तुकडा तसाच दिसला तर काम बंद. घरचे ताईचं लग्न लावायला टपलेलेच.
सकाळी सरांच्या आधी सांगतोच. आईशप्पथ!

१० मार्च
उशीर केला. स्टँडवर गारुडी होता, बघत बसलो. — न्हाई, मुद्दाम बसलो.
गेलो तर सर माती चाळून राहिले होते. कायच न्हाई!
"शाब्बास! गेला की सगळा!"
"हो सर," ताई म्हणाली. कुंडीकडं बघत. नखांत माती होती तिच्या.
दुधाची पिशवी दोन महिन्यांत मातीत जाती व्हय? तिनं काढली. सरांच्या आधी, हातानं. जी भुकेपायी बी खोटं बोलली न्हाई, तिला मी खोटं बोलायला लावलं. आता मी खरं सांगितलं तर तीच उघडी पडणार.

१९ मार्च, देगलूर
पळून आलो. चांदपाशानं चहा ठेवला.
"अबे, तुझा कागद इथंच पडला होता मोरीत! उचलायचा आळस केला. रोज कपबश्या धुताना बघायचो. आधी भोकं पडली. मग चिखलातच गेला सगळा."
ताईचा कागद खरा होता.
समोर नांदेडची गाडी लागली हाय.