माहेरचा डबा रिकामा आला

जयवंता, रिकामा! माहेराहून बहिणीला डबा येतो आणि तो रिकामा? गाडीच्या बॅटरीचा असला म्हणून काय झालं, डबा तो डबाच. मूठभर पोहे टाकायचेस, चार सुक्या मिरच्या टाकायच्यास. वरचं फडकं काढून बघते तर आत कोंबडीचं एक गळलेलं पीस! तोच आहेर समजू का मी? असो. आधी रीतीचं लिहून घेते, नाहीतर म्हणशील थोरलीला वळण नाही. तुला नि राधेला आशीर्वाद, पोरांना पापे, तुझा गुडघा बरा असेल (नसेल तर एरंडेल चोळ, मागेच सांगितलं होतं, पण माझं ऐकतो कोण). आम्ही वरळीला सगळे धडधाकट. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसले. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षर बघू नकोस, मजकूर बघ.

तर माझ्या किर्तीची पाठवणी माझ्या सासऱ्यांच्या जुन्या डुक्कर फियाटमधून करायची असं अण्णांच्या मनात आलं. अण्णा म्हणजे नवऱ्यामुलाचे, शंतनुचे आजोबा, गिरगावचे. जन्मभर हापिसात खर्डेघाशी केली आणि येताजाता लोकांच्या असल्या गाड्या बघितल्या, आता नातसून तरी त्यातून यावी एवढीच हौस. पण सासऱ्यांनी आयुष्यभर बॉनेटवर बर्फाच्या लाद्या ठेवून मासळी वाहिलेली. खाऱ्या पाण्याने बॅटरीच्या डब्याचा तळच खाल्ला होता. बॅटरी जाळ्याच्या दोरीने टांगलेली, पाळण्यातल्या पोरासारखी. खड्डा आला की झोका घ्यायची आणि गाडी बंद. तुझ्या परसात तसलीच मेलेली गाडी आहे, कोंबड्या अंडी घालतात त्यात, म्हणून तिचा डबा मागितला. तो तू रूपेशच्या टेम्पोत टाकून दिलास, स्वतः आला नाहीस. का, तर साखरपुड्याला तुझ्या ताटात सुरमईची शेपटी पडली! अरे, वाढणारा तुझ्या पंगतीला येईपर्यंत तेवढीच उरली होती, मी काय मधला तुकडा पदराखाली लपवला होता?

बरं, डबा आला तेव्हा समोरची ललिता दारातच उभी (ती दारातच असते, घरात फक्त झोपायला जाते). मान लांब करून विचारते, माहेरचा वाटतं, काय काय आलं गं? मी काय कोंबडीचं पीस दाखवू? आत गेले, माझ्या साठवणीतले कोळंबीचे सुके सोडे काढले, डबा काठोकाठ भरला आणि साऱ्या आळीत मिरवला. भावाने पाठवलेत, म्हटलं, बघा केवढाले सोललेत. मग मी गेले बाजारात बसायला. इकडे तुझ्या भावोजींना डबा बसवायची घाई. त्यांनी सोडे गोणपाटात ओतले, गोणपाट डिकीत टाकलं, म्हणे दोन मिनिटांसाठी, आणि विसरले. डबा बसवला तोही उलटा, तारा पोचेनात. बॉनेटमध्ये आळीतली इतकी डोकी घुसली होती की बाजारातून येताना लांबून मला वाटलं लिलावाला पापलेट आलं. शेवटी मीच ओरडले, डबा फिरवा, गाडी नका फिरवू! डबा सरळ झाला नि गाडी अशी गुरगुरली म्हणतोस, सासरेच खोकले असं वाटलं.

लगेच अण्णांना दाखवायला निघालो. मे महिन्याचं ऊन, मागे शंतनु बसलेला, गाडी न्यायला म्हणून आला होता. पोरगा भारी सभ्य. थोड्या वेळाने रुमाल नाकाला लावून म्हणतो, बॅटरीतून काही गळतंय का, जरा वास येतोय. आमच्या नाकाला सोड्यांचा वास म्हणजे घरचा वास, आम्हाला कळणार कुठून? तुझे भावोजी घाबरले, ॲसिड गळतंय म्हणाले. रस्त्यात दर सिग्नलला उतरून बॉनेट उघडायचे, डबा हुंगायचे, चेहरा पाडून परत बसायचे. गिरगावात वाडीत शिरलो तर मागे मांजरांची ही वरात! नवरी नाही नि नवरा घामाघूम, पण वऱ्हाडी मात्र शेपट्या वर करून हजर. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. डिकी उघडली आणि मला वाटलं, मोडलं लग्न! एवढी शिकलेली माणसं, त्यांच्या दारात ही शोभा.

अण्णा काठी टेकत आले. वाकले. लांब श्वास घेतला. म्हणाले, सोडे? आणि असे? मी हो म्हणायच्या आत गोणपाट त्यांच्या काखेत, काठी माझ्या हातात. मांजरांना हाकलत ओरडत गेले, अगं, आज सोड्यांची खिचडी टाका! जेवताना विचारलं, कुठून आणलेत? आता आळीत सांगितलेलं गिरगावात कसं बदलू? म्हटलं, मुलीच्या मामाने पाठवलेत. झालं! म्हाताऱ्याने जाहीर केलं की लग्नात मी कोणाशेजारी बसणार नाही, मामाशेजारी बसणार, आणि ही गाडी मामाच चालवणार. तुझ्या भावोजींचा चेहरा बघायला हवा होतास.

कळव तिकडची खुशाली.
तुझी थोरली,
गुणवंती

ता. क. जुना सडका डबा रूपेशबरोबर पाठवतेय, तुझ्या कोंबड्यांना बसायला. त्यात पिशवीत बांधून सुरमई आहे, मधले तुकडे. आपल्यात डबा रिकामा पाठवत नाहीत.

ता. क. दुसरा. असला डबा इथे कुठलाही पत्रेवाला अर्ध्या दिवसात ठोकून देतो. मला डबा नको होता रे. वाटलं, एवढं जड धूड तू दुसऱ्याच्या हाती देणार नाहीस, स्वतःच घेऊन येशील.

ता. क. तिसरा. रविवारी लग्न. किर्ती म्हणते, मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय मी पाटावर पाय ठेवणार नाही, आणि ती हट्टात माझ्यावर गेलीय. येतोस की नाही, गुरुवारपर्यंत कळव. नाही असेल तर कळवू नकोस, मग मीच येते तिकडे.