पांढऱ्या टिकलीचे दिवस

कोप्यापो, ३ मार्च १९९२

ती. झुनिल्दाताईस, धाकट्या एर्मेलिंदाचा शि. सा. न. वि. वि.

ऑलिव्हची बरणी पोचली. चर्चच्या वर्गात तू शिकवतेस तो तक्ता स्वयंपाकघराच्या दाराला लावून दोन वर्षं झाली. रक्ताच्या दिवशी लाल टिकली, कोरड्या दिवशी हिरवी आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखा, दोन बोटांत तार धरणारा स्राव दिसला की पांढरी, म्हणजे मूल राहण्याचे दिवस. पांढऱ्या दर महिन्याला न चुकता येतात. आणि नेमका तेव्हाच आबेलार्दो वर डोंगरातल्या खाणीत असतो! सात दिवस वर, सात दिवस घरी. माझं चक्र अठ्ठावीस दिवसांचं. त्यामुळे मेळ म्हणून बसत नाही. सासूबाई म्हणतात, पडीक जमिनीला कुंपण कशाला? मला एक्केचाळिसावं सरत आलंय, ताई. रडू येतं.

मुलांना पापे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी एर्मे

---

ओवाये, १५ मार्च

चि. एर्मेलिंदास अ. आ.

वेडाबाई, अंग तुझं ठणठणीत आहे, हे खुणाच सांगतात. सासूला म्हणावं, जमीन पडीक नाही, पेरणारा गावाला गेलाय. एकदा त्याचा खाणीतला कामाचा गट बदलून घेतला, म्हणजे घरचा आठवडा बदलला, की काम झालं. मुकादमाच्या बायकोला गाठ. आणि तक्ता नवरा-बायकोनं मिळून भरायचा असतो, वर्गात ओरडून घसा बसतो माझा. आबेलार्दोला टिकल्या लावायला लाव.

जेवत जा. आठवण ठेव, म्हणजे झालं.

तुझी ताई

---

कोप्यापो, २ एप्रिल

ती. ताईस सा. न.

टिकल्या पहिल्यापासून तोच लावतो. घरी आला की मला विचारून विचारून सगळा आठवडा भरतो. मी मैत्रिणींत मिरवत होते.

मुकादमाची बायको गुमेर्सिंदा पावाच्या रांगेत भेटली. मी विषय काढला तर हसायलाच लागली. म्हणाली, अगं, तुझ्याच नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी हातापाया पडून हा गट मागून घेतला. गेल्या हिवाळ्यात माझी पाळी आठवडाभर पुढे गेली होती. तेव्हाही यानं आठवड्यांची अदलाबदल करून घेतली म्हणे.

मूल हवं असलेल्यांना आणि नको असलेल्यांना तू एकच तक्ता देतेस ना? आमच्या घरात तो दोघांनी दोन बाजूंनी वाचला. त्याला जेवायला वाढते, पण बोलत नाही. मला फसवलंय त्यानं.

एर्मे

---

खाणीची वस्ती, ११ एप्रिल

ती. झुनिल्दाताईंस, आबेलार्दोचा सा. न. वि. वि.

तुम्हीच तिला सांगा, मला तोंड नाही. तीन वर्षांपूर्वी छातीच्या फोटोत माझ्या फुप्फुसांत खाणीची धूळ दिसली. साहेबांना कळलं तर कामावरून काढून खाली पाठवतील म्हणून डॉक्टरला गप्प बसवलं. माझे वडील याच दुखण्यानं चार वर्षं खुर्चीत श्वासासाठी तडफडले, आणि आम्ही भावंडं बघत बसलो. आपल्या पोराला ते दाखवायचं नव्हतं. तिला नाही म्हणायचीही हिंमत नव्हती, म्हणून हे असं भित्र्यासारखं केलं. आता राजीनामा दिलाय. तिला हवं असेल तर माझं नाही म्हणणं नाही.

राग असला तरी नातं तोडू नका.

आबेलार्दो

---

कोप्यापो, २० मे १९९३

ती. ताईस सा. न.

तू घातलेली समजूत कामी आली. आम्ही बोलतो, एकत्र जेवतोही. तो वर्षभर रोज घरीच आहे. दारापर्यंत गेला तरी धाप लागते. रोज सकाळी टिकल्यांचा कागद घेऊन बसतो आणि मला विचारतो, आज काय?

ताई, सहा महिने झाले, रक्त नाही, तार नाही, काही नाही. परिचारिकेनं तपासलं. म्हणाली, काहींचं बेचाळिशीतच थांबतं, तुमचं थांबलंय.

त्याला मी सांगितलेलं नाही. महिन्यातून चार दिवस मी पांढरी म्हणते. त्या दिवशी तो दाढी करतो, स्वच्छ सदरा घालतो, आणि मुलाचं नाव काय ठेवायचं यावर माझ्याशी भांडतो. कालही पांढरी म्हणाले.

तू त्याला काही लिहू नकोस. माझ्यावर माया असू दे.

तुझी एर्मे