दोन फावडी जास्त

१२ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा आक्रमण. चक्कीवाल्या काकांनी पहाटे बर्फ काढताना हद्द ओलांडली. माझ्या बाजूला दोन फावडी आत. दोन!

या वस्तीचा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो मोडता येत नाही. आपल्या दारापुढचा बर्फ आपण काढायचा आणि शेजाऱ्याच्या हद्दीत एक फावडं जास्त जायचं. अजिबात गेला नाहीत तर कंजूष. दोन गेलात तर समोरच्याच्या डोक्यावर उपकार. काका गेले तीन हिवाळे रोज माझ्या डोक्यावर उपकार ठेवतात, वर कानटोपी काढून नमस्कारही करतात.

मी साडेपाचला उठते, ते साडेचारला. ब्याऐंशीव्या वर्षी झोप येत नसेल तर माणसाने पडून राहावं, लोकांच्या हद्दीत शिरू नये.

रात्रीत सत्तर सेंटिमीटर. आईचं सुपडं घेऊन तासभर ढकललं. या अवजाराला हे नाव देणाऱ्याला एकदा भेटायचं आहे. हे भलंमोठं पत्र्याचं सुपडं, दोन्ही हातांनी दांडा धरून पोटाने रेटायचं, ते आईचं. पेट्रोलवर चालणारं, बर्फ उडवणारं लाल यंत्र मात्र बाबांचं. या घरातला बाबा, माझा नवरा शिगेओ, तीन वर्षांपूर्वी गेला. यंत्र गोठ्यात गंजतंय.

१३ जानेवारी

साडेचारला उठले. बाहेर गेले तर काम उरकलेलं. काका फावडं झटकत उभे.

"सूनबाई, आज लवकर? बरं आहे ना?"

चोपन्न वर्षांची झाले, नवरा गेला, सासू गेली — पण या वस्तीत मी अजून ‘कोपऱ्यातल्या घराची सून’. अर्धी वस्ती होशिना आडनावाची, त्यामुळे सगळे घराच्या नावाने ओळखले जातात. काकांचं घर पाणचक्कीचं. चक्की पन्नास वर्षांपूर्वी मोडली. नाव मोडत नाही.

१५ जानेवारी

वस्तीची फिरती पाटी आली. चक्कीकडून माझ्याकडे, माझ्याकडून पुढे. वाचलं की शिक्का मारायचा.

वरचा कागद : छतावरचा बर्फ काढताना एकट्याने चढू नका. हेल्मेट, कमरेचा पट्टा, दोर वापरा. सत्तरीच्या पुढच्यांनी खालच्या यादीत नाव लिहावं, अग्निशमन दलाची मुलं येऊन छत मोकळं करून देतील.

खालचा कागद : वस्तीचं महिन्याचं पत्रक, शेवटच्या पानावर माझा नेहमीचा चौकोन. या खेपेला मी लिहिलं होतं — ‘यंदा छतावर चढणारे वीर कमी आणि शेगडीच्या टेबलाखाली पाय घालून, लोणचं चघळत खिडकीतून सूचना देणारे वीर जास्त. दुसऱ्या तुकडीची यादी सोबत जोडली आहे.’ सहकारी सोसायटीत माझ्या खिडकीशी आलेले चौघे-पाचजण हसून गेले. पोस्टमनही म्हणाला, बाई, तुमच्या जिभेला हाड नाही.

यादीत एकच नाव होतं. होशिना तोकुजी, चक्की. त्यावर पट्टी धरून मारलेल्या दोन सरळ रेघा, आणि रेघांवर काकांचा छोटा दुरुस्तीचा शिक्का. म्हटलं, म्हातारा माघार घेतानाही सरकारी पद्धतीने घेतो. मनात हसले. शिक्का मारून पाटी पुढे दिली.

१७ जानेवारी, शनिवार

माझ्या छतावर छातीएवढा बर्फ. दारं घासायला लागली, म्हणजे आता चढायलाच हवं. नवा पट्टा घातला, हेल्मेट घातलं. शहरातल्या दुकानातून आणलेला दोर. दुकानदाराने दोनदा समजावलं होतं : घराच्या एका बाजूच्या खांबाला बांधायचा, आढ्यावरून पलीकडे न्यायचा आणि लांबी अशी ठेवायची की पाय घसरला तर वळचणीच्या अलीकडेच माणूस अडकावा. मी माझं छत मापलं, बरोबर जागी दोराला लाल गाठ मारली. एवढं चोख काम या घरात शिगेओनेही कधी केलं नसेल.

काका न बोलावता येऊन खाली उभे राहिले. छतावर एकजण, खाली एकजण — ही शिगेओची आणि त्यांची पंचवीस वर्षांची रीत. माझा थाट बघून म्हणाले, "हिमालयात चाललीस की काय?"

मी म्हटलं, तुमच्या रबरी बुटांपेक्षा हिमालय बरा.

दोन तास उभे होते. मधूनमधून ओरडत होते : पत्रा खरवडू नकोस, वीतभर बर्फ राहू दे, पाय धरायला लागतो. खालचा ढिगारा उपसू नकोस, तीच गादी आहे. मला हे ठाऊक आहे. पण ठाऊक असलेलं ऐकायला कुणी नसलं की छत फार मोठं वाटतं, हेही आज कळलं.

खाली उतरले तर त्यांच्या भुवयांवर बर्फ. त्यांनी पाल्याच्या लोणच्याची बरणी पुढे केली. म्हणजे आणखी एक उपकार! म्हटलं, तुमचं छत कधी? मंगळवारी मी दोनला घरी येते, खाली उभी राहीन.

"बरं," म्हणाले.

मग विचारलं, यादीतलं नाव का खोडलंत? काका लोणच्याच्या बरणीकडे बघत राहिले. "आमच्याकडे पूर्वी म्हातारे खिडकीतून सूचना द्यायचे नाहीत," म्हणाले, आणि गेले.

१८ जानेवारी

दिवसभर ते वाक्य कानात. शब्द माझेच होते.

संध्याकाळी माझा पट्टा, हेल्मेट आणि दोर त्यांच्या दारात ठेवून आले. सोबत चिठ्ठी : ‘लाल गाठीवर बांधा. माप घेतलेलं आहे.’ माफी अशी लिहिता आली नाही. अवजारं दिली.

१९ जानेवारी

वादळ. रस्ता बंद. समोरचं घर दिसत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

साडेपाचला उठले. बाहेर आले तर हद्दीवरचा बर्फ जसाच्या तसा. चक्कीच्या दारापुढे एक रेघ नाही. मला आधी काय वाटलं ते इथे तरी खरं लिहू दे. मला वाटलं, जिंकले. भराभर माझा बर्फ काढला, त्यांच्या बाजूला दोन फावडी आत गेले. आता बसा म्हटलं माझ्या उपकाराखाली.

मग सुपडं टेकवून वर पाहिलं, तर त्यांच्या वळचणीला शिडी.

दार उघडलेलंच नव्हतं. दीड मीटर बर्फाच्या वजनाखाली ते रुतून बसलं असणार. काका खिडकीतून बाहेर पडले आणि थेट छतावर गेले. दोनपर्यंत थांबले असते तर आढं मोडेल असं वाटलं असेल, किंवा खाली बाईमाणूस उभं ठेवायचं नसेल, किंवा मला उठवायचं नसेल. आता कोण सांगणार?

दोर समोरच्या खांबाला बांधलेला. नीट, लाल गाठीवर. खांबावरून आढ्याकडे गेलेला, ताठ.

मी हाका मारत मागे धावले. मागच्या बाजूचं छत अर्धं मोकळं, पत्रा चमकत होता. वळचणीखाली नवा ढिगारा. दोर छतावरून खाली येत होता आणि सरळ त्या ढिगाऱ्यात शिरला होता.

माझं घर दुमजली, छत लांब. चक्की बैठी. माझं माप त्यांच्या छताला दोन हात जास्त. मी मापलं होतं, पण माझं घर मापलं होतं.

दोराने त्यांना धरलं नाही. पण कुठे आहेत ते दाखवलं. दोराच्या मागोमाग खणत गेले. सुपड्याने, मग त्यांना लागेल म्हणून हातांनी. आधी हेल्मेट लागलं. तोंडापुढचा बर्फ बाजूला केला. ओठ निळे. श्वास होता. मग माझ्या ओरडण्याने तीन घरं जागी झाली.

खालचा ढिगारा त्यांनी उपसला नव्हता. गादी राहू दिली होती. म्हणून मान शाबूत, फक्त खुब्याचं हाड गेलं. वरून घसरून आलेला बर्फ मात्र त्यांच्या अंगावर वीस मिनिटं तरी होता असं दलाचा प्रमुख म्हणाला. वीस मिनिटं. म्हणजे मी हद्दीवर जिंकत होते तेव्हा.

२१ जानेवारी

दलाची दोन माणसं चौकशीला आली. दोर हातात घेऊन बघत एकजण म्हणाला, गाठ चांगली आहे, जागा चुकलीये. कुणी मारली?

"मी."

दोघांनी मान खाली घातली. या वस्तीत कुणाला रागवायचं नसलं की असंच करतात. रागावले असते तर बरं.

२४ जानेवारी, शनिवार

रुग्णालयात गेले. त्यांची मुलगी मिनेको साइतामाहून आली आहे. पन्नाशीची, पाठ ताठ, डोळे लाल. वडिलांशी तिचं दहा वर्षं फोनापुरतं बोलणं. तिला मी सगळं सांगितलं : पत्रक, यादी, लाल गाठ. शेवटी एवढंच म्हणाली, "बाबांनी मला कधी यादीबद्दल सांगितलं नाही. मला तर छताबद्दलही नाही."

काकांना न्यूमोनिया झालाय. नाकात नळी. डोळे उघडून म्हणाले, "सूनबाई. दोर चांगला आहे."

मी म्हटलं, लांब होता काका.

"लांब होता. चांगला आहे."

मग बराच वेळ दम घेत राहिले. "हद्दीवर काढतेस का?"

काढते म्हटलं.

"किती?"

एक म्हटलं. खोटं. मंगळवारपासून हद्दीवर फावडं टेकवलेलं नाही.

"दोन काढ."

२९ जानेवारी

मिनेकोचा फोन. तिचा आवाज वेगळाच. म्हणाली, बाबा रोज एकच विचारतात, कोपऱ्यातली सून रागावली का? तिने विचारलं, का रागावेल? तर त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितलं ते असं.

शिगेओ गेला त्या हिवाळ्यात मी चार दिवस दाराबाहेर आले नाही. मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की अंथरुणाजवळची खिडकी बर्फाने भरली होती आणि बरं वाटत होतं. काकांनी माझ्या दारापर्यंत वाट काढली. मी बाहेर आले नाही. हाका मारल्या. ओ दिली नाही. पाचव्या दिवशी त्यांनी फक्त हद्दीवर दोन फावडी जास्त काढली आणि उभे राहिले. मी दार उघडून बाहेर आले, झोपेच्या कपड्यांत, आणि ओरडले की एवढं करायची काही गरज नव्हती!

ते आठवतं. अंगात आग होती, ते आठवतं.

मिनेको म्हणाली, बाबा सांगतात, तेव्हापासून दोन. पोरगी उपकार घेत नाही, भांडायला तरी बाहेर येते.

फोन ठेवला. बर्फ पडत होता. गेले, दोन फावडी काढली. चक्कीच्या बाजूला कुणीही नाही.

१ फेब्रुवारी

काका पहाटे गेले.

४ फेब्रुवारी

काल घरीच विधी झाला. गुडघाभर बर्फातून लोक आले. काळ्या कपड्यांवर रबरी बूट. दफनभूमी तीन मीटर बर्फाखाली आहे, अस्थी एप्रिलपर्यंत घरातच राहतील. मिनेको त्यांच्यासोबत चक्कीत राहणार आहे. मी म्हटलं, एकटी? म्हणाली, बाबा आहेत ना.

पाटी आली. यादी पुन्हा कोरी. पहिलं नाव मी लिहिलं. सत्तरी झालेली नाही, तरी लिहिलं. पत्रकातला माझा तो चौकोनही सोबत होता, जुन्या कागदांत राहिलेला. त्यावर पट्टी धरून दोन रेघा मारल्या आणि माझा छोटा शिक्का.

पाटी पुढच्या घरी नेऊन दिली तेव्हा तांदूळ-दुकानवाल्या आजी नाव वाचून माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनीही पेन मागितलं.

७ फेब्रुवारी

चक्कीचं दार दोन दिवस बंद. धुराड्यातून धूर नाही. दुपारी गरम कढणाचं भांडं दारात ठेवलं. संध्याकाळी तसंच, वर बर्फाची टोपी.

८ फेब्रुवारी

तेच. हाका मारल्या.

९ फेब्रुवारी, सोमवार

साडेचारला उठले. माझा बर्फ काढला. हद्द ओलांडली, एक फावडं, मग आणखी एक. सुपडं टेकवून उभी राहिले.

बऱ्याच वेळाने चक्कीचं दार करकरलं. मिनेको वडिलांच्या स्वेटरमध्ये, विस्कटलेल्या केसांनी. म्हणाली, एवढं करायची काही गरज नव्हती.

मी कानटोपी काढून नमस्कार केला आणि घरात आले.