दहाचे दीड

१९ जुलै, शनि.
आज जेवताना सांगून टाकलं. यंदा आपला गणपती दीड दिवसाचा. ह्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "बरं वाटत नाहीये का तुला?" म्हणजे बाईने असं काही बोलायचं तर तिला ताप तरी हवा. बरं वाटतंय. एकतीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.
सासूबाई भात कालवत राहिल्या.

२० जुलै, रवि.
कारण लिहून ठेवते, नाहीतर चार दिवसांनी हे लोक मलाच पटवतील.
आई. माणगावच्या पुढे, भावाकडे. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपा. दरवर्षी ती तेरड्याची गौर बांधते, तिला साडी नेसवते. परवा फोनवर म्हणाली, "निऱ्या दिसत न्हायत गो आता. चाचपून घालीन." लग्नानंतर गौरीच्या दिवसांत मी एकदाही तिच्याकडे गेले नाही. तेव्हा मी इथे वीस-वीस माणसांच्या भाकऱ्या थापत असते. गौर दरवर्षी माहेरी येते, मला मात्र सवड नाही.
यंदा जायचं. तिला माझं तोंड दिसतंय तोवर. बाकी सगळं त्याच्यानंतर.

२४ जुलै, गुरु.
ठाण्याहून दिनेशभाऊजींचा फोन, धाकटे दीर. ह्यांनी लगेच कळवलं वाटतं. "वहिनी, आम्ही दहा दिवसांची रजा टाकून बसलोय." रजा! मला कोण देतं रजा? मी म्हटलं, "या ना, दीड दिवस या." तर मला शिकवतात, "देवाचे दिवस वाढवतात वहिनी, कमी करत नाहीत."
ह्या माणसाने दहा दिवसांत देवासाठी काय केलं, तर आरतीला झांज वाजवली, तीही ताल सोडून. बाकी वेळ पत्ते. आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मासळीची आठवण, "वहिनी, जिताडं मिळेल का हो?"
फोन ठेवला. रागारागाने चार ताटं घासून काढली.

२ ऑगस्ट, शनि.
माळ्यावरचे दोन मोठे टोप, चाळीस ताटं, भाताची परात, सगळं उतरवलं, टेम्पोत घातलं आणि देवळात देऊन आले. हे टेम्पोमागे धावले. "अगं, लागतात ती." म्हटलं, कुणाला?
माळा रिकामा. बघत उभी राहिले थोडा वेळ.

८ ऑगस्ट, शुक्र.
ह्यांनी मधला मार्ग काढलाय. पाच दिवस. किती समजूतदार माणूस. पाच म्हणजे गौर येते त्या दिवशीही मी इथेच, हे त्यांना कळत नाही असं थोडंच आहे? कंपनीत वीस वर्षं युनियन चालवली, आता घरात माझ्याशी वाटाघाटी.
रेवदंड्याच्या बाजारात शेजारीण मधेच थांबवून, "काय वहिनी, गणपती मोडताय म्हणे?" मोडताय! रिक्षात बसले तरी कान तापलेले.
खोटं कशाला लिहू, भीती वाटते. उद्या घरात कुणाचा पाय जरी मुरगळला तरी माझ्याच नावावर.

१५ ऑगस्ट, शुक्र.
सासूबाई आणि मी भिजलेले वाल सोलत बसलो होतो. आपण होऊन बोलल्या.
"आदी दीड दिवसाचाच व्हता आपला."
मी हातातला वाल खाली ठेवला. "मग दहा कधी झाला?"
"तू आलीस त्या साली. त्याच्या आदी करनार कोन? माझी कंबर गेलेली. तुझे सासरे म्हनाले, आता सून हाय. मी पन म्हटलं, होऊ दे."
आणि पुढचा वाल घेतला.
म्हणजे ही परंपरा. पिढ्यान्‌पिढ्यांची. माझ्या लग्नाएवढं तिचं वय. करायला माणूस मिळालं म्हणून देवाचा मुक्काम वाढला, आणि मी एकतीस वर्षं हात जोडून म्हणतेय, चुकलंमाकलं माफ कर.
ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, "असेल. लक्षात नाही."
असेल!! अंगाची नुसती लाही लाही. जेवले नाही.

२६ ऑगस्ट, मंगळ.
ठाण्याची अकरा माणसं उतरली, दहा दिवसांच्या बॅगा घेऊन. जाऊबाई आल्याआल्या म्हणाल्या, "टोप कुठे गेले हो?" सांगितलं. त्यांचं तोंड बघण्यासारखं. भाऊजी हसत, "बघू वहिनी, बाप्पाची इच्छा." बाप्पाची इच्छा दरवर्षी बरोब्बर भाऊजींच्या रजेएवढी.
ह्यांनी कारखान्यातून मूर्ती आणली, आपल्याच पाटावर. सुंदर आहे. तिच्यावर माझा राग नाही.

२८ ऑगस्ट, गुरु. साडेचार वाजता
काल मोदक, पूजा, सगळं नीट झालं. आज जेवणं झाल्यावर म्हटलं, चला, उत्तरपूजा करून घ्या. हे भाऊजींकडे बघायला लागले. भाऊजी म्हणाले, "आज कशाला? रविवारी बघू." रविवारी गौर येते आईकडे. आणि सगळे पसरले, पंखा मोठा करून.
मी आंघोळ केली. धुतलेली साडी नेसले. दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला, एकटीनेच हळू आवाजात आरती म्हटली, अक्षता वाहिल्या आणि मूर्ती हलवली. उत्तरपूजेनंतर एकदा हलवला की त्याच दिवशी पाण्यात न्यायचा, परत बसवता येत नाही. हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे.
सासूबाई दारात बसून बघत होत्या. मला वाटलं, आता ओरडतील. म्हणाल्या, "आनखी दोन बोटं सरकव. हलवलेला दिसला पायजे."
आता बाहेर नुसता कल्ला. भाऊजी म्हणतायत हे पाप आहे, त्यांची बायको रडतेय. हे आतल्या खोलीत टोपी शोधतायत. मूर्ती घेताना घालतात ती शोधतायत, की रागाने बाहेर पडायला, विचारलेलं नाही. पाप असेल तर असो, माझ्या खात्यावर लिहा. पण सकाळच्या एसटीने मी माणगावला जाणार.
साडेपाचपर्यंत वाट बघते. मग पाट मी उचलणार. बाईने उचलायचं आमच्यात नाही म्हणे. दहा दिवसही आमच्यात नव्हते.