काकूचा रोखलेला श्वास

कोल्हार. रविवार, दिवेलागण.

आज पुन्हा चिडलो, तेही काकूसमोर. हा डिजिटल कॅमेरा घ्यायची अवदसा कुठून आठवली कोण जाणे.

स्वतःचा एक चांगला फोटो असावा, एवढंच तिचं म्हणणं. ठेवणीतली साडी नेसून तिच्या घरापुढच्या ओट्यावर बसली. लग्नानंतर स्टुडिओत सांगितलेलं अजून विसरलेली नाही, फोटो निघेपर्यंत श्वास रोखायचा. मी बटण दाबायचो आणि लगेच मान खाली घालून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघायचो. कधी ऊन जास्त, कधी डोळे मिटलेले. की परत. दर वेळी तिनं श्वास रोखलेला.

"आरं, सोडू का श्वास? जीव घाबरा झाला."

"थांब जरा, नीट येत नाहीये." असं म्हणालो मी. वर बघितलंसुद्धा नाही.

थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "लई वंगाळ दिसती का रं मी?"

मी कॅमेरा बंद केला. ती आत जाऊन रोजचं लुगडं नेसून आली.

आता घरी बसून सगळे फोटो पाहिले. एकूण एक फोटोत श्वास कोंडलेला चेहरा. मधेमधे ती श्वास सोडत होती, तेव्हा कशी दिसत होती? मला माहीत नाही. मी स्क्रीन बघत होतो.

स्क्रीनवर चिकटपट्टी लावलीय. यापुढे आधी माणसाकडे बघायचं, निवांत, मग एकच फोटो. शहाणपण सुचलं खरं. पण साडी तिनं माझ्यासमोर घडी घालून पेटीत ठेवली. ती पुन्हा काढ म्हणायला मला तोंड कुठाय?