झाकण

२ ऑक्टोबर

ह्यांची अर्धी हाडं स्मशानातच टाकून आलो!

मला आधी कुणी सांगितलंच नाही. आमच्या माहेरी, चिबाकडे, सगळी गोळा करतात, राखेसकट. बाबांचा कलश मला दोन हातांत पेलला नव्हता. इथे काड्यांनी मोजकी उचलली, गळ्याचं हाड सगळ्यांत वर ठेवलं, झाकण लावलं — संपलं. ट्रॉलीवर एवढी उरलेली. मी विचारलं, "आणि ही?" नणंद तामाए म्हणाली, "ती इथेच राहतात, वहिनी. आपल्याकडे असंच असतं."

आपल्याकडे! या घरात येऊन सव्वीस वर्षं झाली, आणि हे मला आज कळतंय.

कलश लोणच्याच्या बरणीएवढा. ह्यांचं कपाळ दाराच्या चौकटीला आपटायचं, एवढे उंच होते. गाडीत मांडीवर घेतला तेव्हा अजून कोमट होता.

५ ऑक्टोबर

किडे. भाताची कापणी झाली की शेतातले सगळे घरात शिरतात. हिरवट, चपटे, हात लागला की घाण सोडणारे. आज टॉवेलात एक होता. तोंड पुसताना चिरडला. तीनदा साबण लावला, वास नाकातून जात नाही.

संध्याकाळी एक कलशाच्या पांढऱ्या कापडावर चढताना दिसला. थेट झाकणाच्या फटीकडे. आत गेला असता तर! नुसत्या विचारानेच ओकारी आली. कापड सोडलं आणि झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली. तीन वेढे.

१२ ऑक्टोबर

चौदाव्या दिवसाचा विधी. नेमकं आजच शेजारच्या कुमेझोभावजींनी कोंबडीखत पसरलं. त्यांचं शेत आमच्या खिडकीपासून चार पावलांवर. पुरोहित मंत्र म्हणता म्हणता बाही नाकाशी नेत होते. भावजी खताच्याच बुटांनी दारात येऊन उभे.

"वहिनी, वास येतो का हो?"

येतो का!

"तुमच्या शिगेहारूला आवडायचा. म्हणायचा, कोंबडीच्या वासाशिवाय हिवाळा लागल्यासारखं वाटत नाही."

हातात डबा. त्यांच्या बायकोने आंबवलेला मासा पाठवलेला — तळ्यातला, भातात दाबून दोन वर्षं ठेवलेला. डबा उघडताच मी मागे सरले. तामाए बोटं चाटून खात होती. "वहिनीचं नाक अजून चिबातच आहे," म्हणाली. सगळे हसले. मीही हसले. काय करणार.

१९ ऑक्टोबर

आज आणखी एक कळलं.

सोळा नोव्हेंबरला, एकोणपन्नासाव्या दिवशी, हे थडग्यात जाणार. थडगं बांधावर आहे, घराच्या मागेच. मला वाटत होतं, कलश आत ठेवतात. तामाए म्हणाली, "कलश कशाला? पुढचा दगड सरकवायचा आणि हाडं ओतायची."

"ओतायची? कशावर?"

"मातीवर. आई आहे, बाबा आहेत, आजोबा आहेत. सगळे एकत्र." मग हसून, "आई पाच वर्षं वाट बघतेय. तिचा शिगे येतोय."

चिखल. गांडुळं. वरून शेताचं पाणी झिरपणार, त्यात हे खत. आणि सासूबाई! मी धुतलेली वाटी त्या परत धुवायच्या. एकवीस वर्षं, रोज, माझ्यासमोर. बोलायच्या काही नाहीत, नुसती धुवायच्या. त्यांच्यात ह्यांना ओतायचं. आणि एक दिवस मला, त्या दोघांवर.

२० ऑक्टोबर

जेवले नाही. शिसारी जात नाही.

२६ ऑक्टोबर

मिनोरीचा ओसाकाहून फोन. पोरीने माझं बोलणं मनावर घेतलं. तिच्या घराजवळ एक इमारत आहे, तिथे अस्थी ठेवायचे कप्पे मिळतात. दोघांसाठी एक असतो. पांढरा, दार, कुलूप, वर नाव. किडा नाही, माती नाही. "आई, मी नाव घालून ठेवलंय. सोळा तारखेच्या आत नक्की सांग."

मी म्हटलं, नक्कीच. घे.

किती दिवसांनी पोटभर जेवले.

२९ ऑक्टोबर

तामाएला सांगितलं. ती तशीच सायकलवर बसून गेली. तासाभरात भावजी हजर. म्हणजे गावभर झालं.

"शिगेला कपाटात ठेवणार म्हणे? सार्वजनिक न्हाणीघरात चपला ठेवतात तसं?"

"स्वच्छ असतं तिथे."

"स्वच्छ!" ते मोठ्याने हसले. मग हसू गेलं. "अहो, तो दवाखान्यातसुद्धा खिडकी उघडा म्हणून नर्सला पिडायचा. पावसातसुद्धा."

मला माहीत आहे. मीच उठून बंद करायचे.

८ नोव्हेंबर

तामाए आली. दहा दिवसांत पहिल्यांदाच. उदबत्ती लावली. "शेवटचं बघू द्या तरी," म्हणून कापड सोडलं, आणि ओरडलीच.

"ही पट्टी कुणी लावली?"

"मी. किडे जातील म्हणून."

"अहो वहिनी, अशी हवा बंद कुणी करतं का! भाताचं पोतं तरी असं ठेवाल का?"

झाकण उघडलं. आतून पाण्याचे थेंब. वरच्या हाडांवर हिरवट-काळी बुरशी. गळ्याच्या हाडावरसुद्धा.

बाहेरची घाण लागू नये म्हणून मी लावली होती. मी कुजवलं. मी!

तामाएने भावजींना हाक मारली. त्यांनी डोकावून पाहिलं. या वेळी हसले नाहीत. "उद्या ऊन आहे. ओसरीवर पसरा. मधून मधून परता."

९ नोव्हेंबर

ऊन चांगलं होतं. ओसरीवर सुती चादर अंथरली. पहिलं हाड काडीने उचललं, निसटलं. मग हातानेच घेतलं.

तांदळाच्या भाजलेल्या पापडासारखं हलकं. बुरशी जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसली. काही जाईना, तेव्हा नखाने खरवडली. दुसऱ्या कुणाची असती तर मी त्या खोलीत थांबले नसते. इथे दुपारपर्यंत बसले. कोणतं कुठलं ते ओळखायचा प्रयत्न केला. एक गुडघ्याचं असावं.

भावजी शेतात होते. मशीन त्यांनी दिवसभर लावलंच नाही, धूळ उडेल म्हणून. हाताने कुदळ मारत होते. पासष्टीचा माणूस.

चार वाजेपर्यंत हाडं पांढरी झाली. भरली. झाकण नुसतं टेकवलं.

त्या कप्प्याला फट असते का, ते मिनोरीला विचारायला हवं.

१० नोव्हेंबर

विचारलं. नसते. "आई, तीच तर चांगली गोष्ट आहे ना?" म्हणाली.

१६ नोव्हेंबर

ओतलं.

सकाळी मिनोरीला सांगितलं, बाबा इथेच राहतील. ती रडली, मग चिडली. "तूच म्हणालीस ना! मी सगळ्यांशी भांडले!" बरोबर आहे तिचं.

भावजींनी दगड सरकवला. मी वाकून आत पाहिलं. सासूबाई कुठेच दिसल्या नाहीत. हाड नाही, काही नाही. नुसती काळी, ओली माती आणि एक जाड गांडूळ. किळस आली. सगळ्यांसमोर तोंडावर हात धरावा लागला. तामाए म्हणाली, "द्या वहिनी, मी ओतते."

नाही दिलं. डावा हात मातीत टेकला आणि उजव्याने ओतलं. मातीवर पडल्याचा जेमतेम आवाज आला. वर हे पांढरे दिसत होते. मी हाताने माती सारखी केली. मग दिसेनासे झाले. इतक्या लवकर!

परतताना तामाएने माझा हात धरला. "आता आमचीच झालात. तुमचीही जागा तिथेच."



१८ नोव्हेंबर

मिनोरीला फोन केला. म्हटलं, तो कप्पा सोडू नकोस. दोघांचा नको, एकटीचा मिळतो का बघ. दार, कुलूप आणि फक्त माझं नाव.

तोवर मी इथेच आहे.